दादांचा डावा डोळा

आमच्या घरात दादांचा एकच फोटो आहे. दादा म्हणजे माझ्या अब्बांचे वडील. माझ्या जन्माआधीच ते गेले. फोटोत ते खुर्चीवर ताठ बसले आहेत. डोक्याला टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, एक हात गुडघ्यावर, आणि मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. पडद्यावर महिरप आणि फुलांची कुंडी. कोट बहुधा स्टुडिओचाच असावा, कारण खांद्यांवर तो जरा मोठा दिसतो. आणि फोटोत दादांना दोन डोळे आहेत.

अडचण तिथंच आहे. दादांना डोळा एकच होता. लहानपणी देवी आल्या आणि डावा डोळा घेऊन गेल्या. पापणी मिटलेली, गालावर आणि कपाळावर वण. असे चेहरे तेव्हा पवनीतच काय, कुठल्याही गावात चार घरांआड दिसायचे. 1975 साली आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्यानंतर जन्मलेल्यांना ते वण ठाऊकच नाहीत.

मग फोटोत दुसरा डोळा आला कुठून? 1982 च्या सुमारास अब्बांनी हा फोटो मोठा करून घ्यायचं ठरवलं. परगावच्या एका स्टुडिओत तो दिला. ते दुकान केव्हाच बंद झालं, आणि तिथल्या कलाकाराच्या हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यानं मनापासून काम केलं. वण पुसले, कागदावरच्या भेगा बुजवल्या, आणि मिटलेल्या पापणीवर बारीक ब्रशनं उजव्यासारखाच एक डोळा काढला. हे सगळं त्यानं केलं ते मूळ फोटोवरच. मग त्या रंगवलेल्या फोटोचा फोटो घेतला आणि त्यावरून मोठी प्रत काढली. काचेची चौकट करून अब्बांनी ती घरी आणली. दादीनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ये किसका फोटू उठा लाया रे?" अब्बा म्हणाले, "अम्मी, अब्बाही तो हैं." दादी म्हणाली, "उनकू एक आँख थी." ती गेली तोवर ती चौकट तिच्या खोलीत लागली नाही.

गेल्या वर्षी तो मूळ फोटो घेऊन मी पवनीतल्याच एका स्टुडिओत गेलो. कागदाला बुरशी लागली होती, एक कोपरा निखळला होता. दुकानातला मुलगा माझ्या मुलापेक्षाही लहान. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम हा त्याचा मुख्य धंदा. त्यानं फोटो स्कॅन केला, पडद्यावर मोठा करून पाहिला आणि कुठलंही काम सुरू करण्याआधी कळफलकावरची दोन बटणं दाबली. "हे काय केलंस?" मी विचारलं. "कॉपी लेयर घेतला, चाचा. खालच्याले हात नाही लावायचा."

हे वाक्य ऐकलं आणि मी स्टूल ओढून बसलो. 1982 साली कोणीतरी हेच म्हणायला हवं होतं.

रेडिओवर बोलताना चित्र दाखवता येत नाही, म्हणून तुम्ही एक कल्पना करा. टेबलावर फोटो आहे. त्यावर एक स्वच्छ काच ठेवली. कागदावर जिथं बुरशीचा डाग आहे, बरोबर त्याच्या वर काचेवर रंगाचा ठिपका दिला. वरून पाहिलं तर डाग गेला. काच उचलली तर डाग जागच्या जागी. आता दुसरी काच ठेवा, तिच्यावर फाटलेला कोपरा रंगवा. तिसरीवर आणखी काही. प्रत्येक काच म्हणजे एक लेयर, आपल्या भाषेत थर. संगणकाच्या पडद्यावर उजव्या बाजूला या थरांची उतरंड दिसते आणि प्रत्येक थराशेजारी एक छोटासा डोळा काढलेला असतो. त्या डोळ्यावर टिचकी मारली की थर दिसेनासा होतो, पुन्हा मारली की परत येतो. योगायोग असा, की दादांच्या डोळ्याची गोष्ट मला या डोळ्यापाशी घेऊन आली.

काही थरांवर तर रंगही नसतो, नुसती सूचना असते. "खालचं सगळं थोडं उजळ दाखव" एवढीच. आणि त्या सूचनेला एक बुरखाही घालता येतो, त्याला मास्क म्हणतात. मास्कवर जिथं पांढरं तिथं सूचना चालते, जिथं काळं तिथं चालत नाही. म्हणजे चेहरा उजळ करायचा आणि पडदा तसाच ठेवायचा, तर पडद्याच्या जागी काळं फासायचं. उद्या मत बदललं तर पांढरं फासायचं. फोटोला काही झालेलं नसतं.

यात एवढं काय विशेष, असं वाटेल. संगणकात चूक झाली तर परत फिरता येतंच की! पण तसं नाही. संगणकाच्या दृष्टीनं काळा-पांढरा फोटो म्हणजे ठिपक्यांचा पसारा, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढराशुभ्र. समजा दादांच्या टोपीवरच्या एका घडीचा आकडा 240 आहे आणि शेजारच्या भागाचा 250. आपण फोटो 20 नं उजळला. 240 चे 260 व्हायला हवेत, 250 चे 270. पण मर्यादा 255 ची. दोन्ही 255 झाले. टोपीची घडी नाहीशी झाली. फाईल तशीच जतन केली. दुसऱ्या दिवशी वाटलं, जास्त झालं, 20 नं उतरवू. दोन्ही 235 झाले. घडी परत आली नाही. कारण दोन आकड्यांत फरक होता ही आठवणच कुठं उरली नाही. थेट फोटोवर काम केलं की असं होतं. ब्रश खरा असो की संगणकाचा, फरक नाही.

आता थोडं मागं जाऊ, कारण या कल्पनेचं बी संगणकाच्या फार आधीचं आहे.

जुन्या स्टुडिओत रिटचिंगवाला नावाचा एक माणूस असे. खिडकीशी उतरतं मेज, खाली आरसा, आरशातला उजेड निगेटिव्हमधून वर येई. निगेटिव्हवर तो आधी एका वार्निशासारख्या द्रवाचा हात फिरवी, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखं टोक केलेल्या शिसपेन्सिलीनं सुरकुत्या भरी. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. सुरकुतीची सावली तिथं पारदर्शक रेघ असते. ती पेन्सिलीनं भरली की छापील फोटोत सुरकुती फिकट होते. हे काम आवडलं नाही तर वार्निश पुसून टाकायचं, निगेटिव्ह पुन्हा कोरं. पण त्याच्या हाताशी एक धारदार पातंही असे. कुठं काळं हवं असलं तर तो त्या पात्यानं निगेटिव्हवरचा लेप खरवडी. खरवडलेलं परत येत नाही. एकाच मेजावर पेन्सिल आणि पातं. हस्तक्षेपाच्या दोन जाती मला तिथं शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात.

छापखान्यातही थर होते. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या तिथून. ते चित्र एका दगडावर नसे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक, निळ्याचा एक, मग मधल्या छटांचे आणखी. कागद एकेका दगडावरून जाई आणि थरावर थर चढत सरस्वती पुरी होई. साडीचा तांबडा भडक वाटला तर तेवढा एक दगड दुरुस्त करायचा, बाकीच्यांना धक्का नाही. या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पुढं सिनेमात चमत्कार दाखवले ते मात्र उलट्या रीतीनं. एकच फिल्म मागं गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्र घ्यायचं. दुसऱ्या वेळी चुकलं तर पहिलंही वाया. फाळक्यांच्या धाडसाचं कौतुक करताना हा जुगार आपण विसरतो. अमेरिकेत 1914 साली अर्ल हर्ड यांनी व्यंगचित्रपटासाठी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पेटंटचा अर्ज केला. मागचं दृश्य एकदाच रंगवायचं आणि हलणारं पात्र वरच्या पारदर्शक पानावर काढायचं. दुकानातल्या मुलाच्या उतरंडीचे हे सख्खे पूर्वज.

संगणकावर मात्र ही शहाणीव उशिरा आली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल या तरुणानं 1987 साली आपल्या मॅकिंटॉशवर राखाडी छटा दिसाव्यात म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याच्या वडिलांची घरात डार्करूम होती, त्यामुळे फोटो धुणं-छापणं त्याला लहानपणापासून माहीत. भाऊ जॉन सिनेमाच्या ट्रिक-दृश्यांच्या कंपनीत. दोघांनी मिळून त्या प्रोग्रामचं जे केलं तो फोटोशॉप. अडोबी कंपनीनं 1990 च्या फेब्रुवारीत तो बाजारात आणला. पण त्या पहिल्या फोटोशॉपमध्ये थर नव्हते! चित्रावर अक्षरं टाकली की ती चित्रात मिसळून जात, मग शुद्धलेखनाची चूक सापडली तरी उपाय नाही. एकच पाऊल मागं जाता येई. थर आले ते 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. नुसत्या सूचनेचे थर 1996 मध्ये. अनेक पावलं मागं जाण्याची सोय 1998 मध्ये, आणि तिचं नाव ठेवलं 'हिस्टरी'. मी इतिहासाचा वाचक असल्यानं मला या नावाची गंमत वाटते, कारण फाईल बंद केली की ही हिस्टरी पुसली जाते. थर तेवढे उरतात.

उशीर का झाला, तर स्मरणशक्ती महाग होती म्हणून. प्रत्येक थर म्हणजे जवळजवळ आणखी एक फोटो सांभाळणं. तेव्हाच्या संगणकांना ते झेपत नव्हतं. जुनं राखायला जागा लागते, घरात काय नि संगणकात काय. पुढं 2007 च्या लाइटरूममध्ये तर मूळ फाईलला स्पर्शच होईना, केलेल्या बदलांची फक्त नोंद राहू लागली. आणि फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये मार्च 2025 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून परिणाम थेट चित्रात न मिसळता वेगळे ठेवता येऊ लागले. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटाला हे सगळं शिकलं ते एकमेकांचं पाहून. फोटोशॉप उघडताना नावांची यादी दिसे, त्यात सीतारामन नारायणन हे नाव असे. हा आपला माणूस कोण, याची चर्चा कित्येक दुकानांत होत असे.

आता तुम्ही म्हणाल, एका डोळ्यापायी एवढं? म्हणून एक मोठं उदाहरण घेतो. अजिंठ्याचं.

1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या घळीत उतरला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. पातं, पेन्सिल नव्हे! मग नकला करणारे आले. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून जवळजवळ वीस वर्षं तिथं काढली. त्यांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 राबले. त्यांच्याही अनेक नकला लंडनमध्ये 1885 च्या आगीत गेल्या. आगीचं दुःख मी समजू शकतो, ती नकलांना लागली, मुळाला नाही. पण नकला करताना रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना वार्निश लावलं गेलं. ओलं असताना रंग झळाळले असतील. पुढं ते पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली.

त्यानंतर निजाम सरकार पुढं आलं. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांची तळमळ खरी होती. त्यांच्या काळात 1920 ते 1922 या वर्षांत चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते उपकारच. पण काही चित्रांवर लाखेचा लेप दिला गेला. तोही काळवंडला. दीड हजार आणि काही ठिकाणी दोन हजार वर्षं टिकलेल्या चित्रांवर शंभर वर्षांत आपण आपल्या प्रेमाचे दोन थर चढवले, आणि हे थर असे की त्यांच्याशेजारी टिचकी मारायला डोळा नाही. 1999 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी नवव्या आणि दहाव्या लेण्यांत काजळी, लाख आणि वार्निश इंचाइंचानं काढलं, तेव्हा खालचे चेहरे दिसू लागले. अजिंठ्याची चित्रं सुक्या गिलाव्यावरची. भाताची तुसं मिसळलेली माती, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. वरचं पुसताना खालचं निघून येण्याची भीती प्रत्येक बोळ्याला.

याजदानींनी आणखी एक केलं. अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रं घेऊन 1930 ते 1955 या काळात चार भागांचा ग्रंथ काढला. भिंतीला न शिवता केलेली ती नोंद आजही कामाची आहे. आणि आपल्या काळात नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधूक उजेडात या चित्रांचे फोटो घेतले आणि उडालेले रंग, तुटलेल्या रेषा संगणकावर जुळवल्या. त्यांची जुळणी कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. एखादा जाणकार म्हणेल, हा हात असा नव्हता. म्हणू दे. भिंत जिथल्या तिथं आहे. वाद घालता येतो, कारण मूळ शाबूत आहे. लाखेशी वाद घालता येत नाही.

पवनीच्या माणसाला थर ही गोष्ट नवी नाही. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल 1972 मध्ये आला. जगन्नाथ टेकडीत स्तूप निघाला. एका काळातला स्तूप, त्यावर पुढच्या काळानं घातलेली भर, भोवतीचा कठडा, आणि कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची ब्राह्मीतली नावं. जुन्या स्तूपाला न मोडता त्याला पोटात घेऊन नवा बांधायची ती रीत मला फार आवडते. मात्र उत्खननाचा धर्म वेगळा. खालचा थर पाहायचा तर वरचा काढावाच लागतो, आणि काढलेला पुन्हा घालता येत नाही. म्हणून तर उत्खनन करणारे खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर थरांना क्रमांक देतात, मोजतात, काढून ठेवतात. जे मोडावं लागणार त्याची नोंद आधी. आमच्या दादांच्या फोटोच्या बाबतीत तेही झालं नाही. रंगवण्याआधी कलाकारानं एक साधा फोटो काढून ठेवला असता तरी पुरलं असतं.

स्टुडिओतल्या मुलाला मी डोळ्याची गोष्ट सांगितली. त्यानं फोटो एवढा मोठा केला की पडद्यावर फक्त डोळा उरला. ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते. "चाचा, रंगाच्या खाली काय आहे ते स्कॅनरले नाही दिसत," तो म्हणाला. मग हळूच, "एआयनं काढून देऊ? मिटलेला डोरा एका मिनिटात येते." खरं आहे, 2023 पासून फोटोशॉपमध्येही ती सोय आहे, आणि ती आपलं काम वेगळ्या थरावर ठेवते हेही चांगलंच. पण तो डोळा कुणाचा असेल? जगातल्या हजारो मिटल्या डोळ्यांची सरासरी! 1982 च्या कलाकारानं निदान दादांच्या उजव्या डोळ्याकडं पाहून काढला होता.

मला त्या वेळी पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण झाली. तिथं महाभारताची चिकित्सित आवृत्ती झाली. 1919 साली काम सुरू झालं, वि. स. सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, 1966 मध्ये ते पुरं झालं. देशभरातल्या हस्तलिखितांत श्लोक वेगवेगळे. संपादकांनी काय केलं? जो पाठ सर्वांत जुना ठरतो तो वर छापला आणि बाकीचे सगळे पाठभेद, कुठल्या पोथीतले ते सांगून, त्याच पानावर खाली दिले. जिथं खात्री नव्हती तिथं अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. एकही पोथी खोटी ठरवून फेकली नाही. तुम्हाला संपादकांचा निर्णय पटला नाही तर खालचा पाठ उचलून तुमचं महाभारत वाचा. मी कवितेच्या वहीत शब्द खोडतो तो एकाच रेघेनं, खालचा वाचता यावा असा. ही सवय मला कुणी लावली नाही, पण ती कुठल्या घराण्यातली आहे हे भांडारकरांच्या त्या पानांवरून कळलं.

तर आम्ही ठरवलं ते असं. सर्वांत खाली स्कॅन, रंगवलेल्या डोळ्यासकट. त्यावर बुरशी आणि कोपऱ्याच्या दुरुस्तीचे थर. आणि डोळ्यासाठी एक वेगळा थर, तो आत्ता रिकामा. दादांना पाहिलेली एकच व्यक्ती हयात आहे, माझी फूफी. तिचं वय ऐंशीच्या पुढं. तिला मी विचारलं. ती म्हणाली, पापणी आत गेलेली होती, कडेला एक सुरकुती होती, आणि हसले की तीच बाजू आधी हसायची. मी ते लिहून नेलं. मुलानं दोन संध्याकाळ बसून पापणी मिटवली, गालावर वण दिले. त्या थराला नाव हवं होतं. मी म्हटलं, 'फूफी' असं लिही. कुणाच्या सांगण्यावरून हे केलं ते राहू दे.

काम झाल्यावर त्यानं विचारलं, "जेपीजी देऊ का? पाच एमबीची आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. थरांची फाईल चारशे एमबीची होते, ते कोणी नेत नाही." जेपीजी म्हणजे सगळ्या काचा एकत्र वितळवून केलेली एकच काच. कॉम्प्युटर भरला की थरांच्या फायली तो पुसून टाकतो, त्याचाही इलाज नाही. मी दोन्ही घेतल्या, पेनड्राइव्ह वेगळा विकत घेऊन. निघताना त्यानं टेबलाचा खण उघडला. आत लोकांचे जुने फोटो होते, पिवळे, कुरतडलेले, एकावर एक. "नवा फोटो नेतेत, जुना इथंच सोडून जातेत. फेकायची हिंमत नाही होत." खणात पन्नासेक तरी असतील. पगड्या, नऊवारी, शाळेच्या बाकावरचे वर्ग, एक लहान मूल झोपल्यासारखं निजवलेलं. तुम्हीही कधी असा फोटो दिला असेल, तर जाऊन एकदा विचारा.

दादांचा फोटो मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून परत आणला. फूफीसाठी मिटल्या डोळ्याची प्रत काढली आणि तिच्या घरी गेलो. तिनं चौकट मांडीवर घेतली. पदराच्या टोकानं काच पुसली. डोळ्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली, हो अशी. मग बराच वेळ तशीच पाहत राहिली. म्हणाली, "टोपी ऐसी नहीं थी. काली थी, मखमल की."

फोटोत टोपी पांढरी आहे. म्हणजे टोपीही त्या कलाकाराचीच? की कोटासारखी स्टुडिओची? की फूफीच्या आठवणीतली टोपी दुसऱ्याच कुठल्या ईदची? मी घरी येऊन मूळ फोटो भिंगाखाली धरला. टोपीच्या कडेला रंगाचा फुगवटा आहे असं वाटतं, नाही असंही वाटतं.

स्टुडिओत फोन केला. मुलगा म्हणाला, "फाईल आहे नं, चाचा? घेऊन या. नवा लेयर टाकू."